भाड्यासाठी पहिला फ्लॅट घ्यावा का? बाबांच्या बारा लाखांचा हिशोब

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी आकडे पुन्हा मागितले. गाडी चालवताना ऐकलं तर आकडे कुठे लक्षात राहणार? म्हणून हे लिखित रूप. बोलताना मी दोन ठिकाणी घाई केली होती, तीही इथे दुरुस्त केलीय.

झालं असं, की बाबा एसटीतून निवृत्त झाले आणि हातात बारा लाख आले. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मिरजेला आमचं घर. मीच त्यांना म्हणालो, "बाबा, वाकडला वन बीएचके घेऊ, भाड्यावर हप्ता फिटेल." हे वाक्य आपल्या कँटीनमध्ये रोज कुणीतरी म्हणतं. ते खरं आहे का, एवढं तपासायला मी एक्सेल उघडलं.

रीसेल फ्लॅट, ४५ लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे ३६ लाख बँकेचे, ९ आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे पैसे कर्जात धरत नाहीत, रोखच लागतात. (खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ४५ हजार वाचतात. आईच्या नावावर घ्यायचा विचार तिथूनच आला.) एजंट, वकील, रंग, पंखे, गीझर धरून खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. आपल्या खिशातले साधारण चौदा.

आता महिन्याचं बघा. ३६ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता साधारण ३१,२४०. भाडं मी १६,००० धरलं. इथेच सगळे चुकतात. बारा महिने भाडं धरायचं नाही, अकराच धरायचं. भाडेकरू बदलताना एक महिना जातोच. म्हणजे वर्षाला १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, मिळकतकर ६ हजार, दुरुस्ती १० हजार. शिवाय स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, तरी बिल तपासा. दोनेक हजार धरू. उरले १ लाख ३४ हजार.

पन्नास लाख गुंतवून वर्षाला १ लाख ३४ हजार, म्हणजे २.७ टक्के. आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं! हप्त्याचे वर्षाला पावणेचार लाख जातात, म्हणजे दरमहा वीस हजारांचा खड्डा पगारातून भरायचा. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांतून मुद्दल फिटतं जेमतेम ७२ हजार.

मग लोक म्हणतात, किंमत वाढेल की! वाढेलही. पण मग तुम्ही भाड्यासाठी नाही, किंमत वाढेल या अंदाजावर फ्लॅट घेताय, एवढं स्वतःशी कबूल करा. "तोटा दाखवून टॅक्स वाचतो" हेही अर्धंच खरं. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतो, नव्या प्रणालीत पगारातून वजा होतच नाही. भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा कर वजा झाल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मात्र दोन्हीकडे मिळते.

मी हा खड्डा बघून घाबरलो आणि घाबरून जास्त मोठी चूक केली. फ्लॅट महाग म्हणून पुण्याबाहेर एक गुंठा प्लॉट बघितला. एजंट गोड बोलणारा, रस्ता येतोय, रिंगरोड येतोय. ५१ हजार टोकन दिलं. मग सातबारा वकिलाकडे नेला (क्रम उलटा, माहितीये). एका सातबाऱ्यावर अकरा नावं, वाटणी झालेली नाही, शेतजमीन, आणि मला विकणार होते नोटरीवर. नोटरीने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, आणि १९४७ पासूनचा तुकडेबंदी कायदा छोट्या तुकड्यांना आडवा येतो. टोकन परत आलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा आई म्हणाली, "वर मजला चढवायचं काय झालं? कॉलम तर तेव्हाच काढून ठेवलेत." आमच्या घराच्या गच्चीवर सळया वीस वर्षं गंजत होत्या. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खोल्यांना मागणी कायमची. इंजिनिअरला आधी बोलावून जुने कॉलम तपासून घेतले, महापालिकेची परवानगी काढली, आणि तेरा लाखांत दोन ब्लॉक झाले. बारा बाबांचे, एक माझा. भाडं प्रत्येकी ६ हजार. अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार, खर्च पंधरा हजार. उरले १ लाख १७ हजार, नऊ टक्के. पन्नास लाखांचा फ्लॅट जेवढं देत होता जवळपास तेवढंच, कर्ज शून्य.

यात लबाडी कुठे आहे तेही सांगतो. जमिनीची किंमत मी धरलीच नाही, कारण ती आधीच आमची होती. हा मजला सुटा विकणं अवघड. आणि रात्री दहाला नळ गळला तर फोन बाबांना जातो, मला नाही. गावी घर नसलेल्याला हा मार्ग नाहीच, त्याला वरचा खड्डा मोजूनच उतरावं लागेल. तोपर्यंत सवय म्हणून शेअर बाजारातल्या आरईआयटीचं एखादं युनिट घेऊन बघा. भारतात पहिलं २०१९ मध्ये नोंदलं गेलं. ऑफिसांचं भाडं कसं येतं, जागा रिकामी राहिली की काय होतं, ते त्यांच्या तिमाही अहवालांत वाचायला मिळतं.

एक गोष्ट सोडू नका : ओळखीचा मुलगा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि करार लेखी नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. घरबसल्या ऑनलाइन होतं. बाबांना पहिल्यांदा अंगठा मशीनवर लावायला तीन प्रयत्न लागले.

आता "वाढायचं कसं" हा प्रश्न. मी एक्सेलमध्ये उलटा हिशोब मांडलाय. दरमहा खड्डा आठ हजारांच्या वर नको, हे आधी ठरवलं. मग त्याच वाकडच्या फ्लॅटला कर्ज २२ लाखांहून जास्त परवडत नाही. म्हणजे किमतीतले २३ आणि वरचे पाच, असे २८ लाख आपले हवेत. शिवाय सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळी, कारण आमच्या धंद्यात नोकरीचा मेल शुक्रवारी संध्याकाळी येतो. मिरजेचं भाडं आई-बाबांच्या खात्यात जातं, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय.

माझ्याकडे आत्ता नऊ लाख आहेत.