रूट कॅनॉल आणि लेसरची गोष्ट

'डॉक्टर, थांबून लेसरनेच रूट कॅनॉल करावे का?' हा प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारला जातो. मी दंतवैद्य नव्हे. पण दाढ ठणकू लागली की रुग्ण आधी येतो तो आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडेच. म्हणून चार गोष्टी सांगतो.

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात नसा व रक्तवाहिन्या असतात. कीड तेथवर पोचली की जंतू आत शिरतात व ठणका लागतो. पुढे गर मरतो आणि ठणका थांबतो. रुग्णाला वाटते, दाढ बरी झाली! जंतू मात्र आतच असतात. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, म्हणून मी दिलेल्या गोळ्यांचे औषधही पोचत नाही. सूज तात्पुरती उतरते, इतकेच.

यावर उपाय म्हणजे दात काढणे किंवा रूट कॅनॉल. यात दंतवैद्य मुळातील नलिका बारीक फाइलींनी खरवडतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतात आणि भरून बंद करतात. पण नलिकेला फाटे असतात, भिंतीत केसाहून बारीक छिद्रे असतात. तेथे फाइल जात नाही.

येथे लेसर मदतीला येतो. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. दातांसाठी वापरले जाणारे डायोड व एनडी-याग हे लेसर उष्णतेने जंतू मारतात. अर्बियम-यागचा किरण पाणी चटकन शोषते. त्यामुळे द्रावणात बुडबुडे उठून फुटतात आणि द्रावण फाट्यांतही घुसते.

तरीही लेसर हा जोडीदार आहे. फाइल आणि द्रावण यांना तो पर्याय नाही. उष्णता वाढल्यास मुळाभोवतीच्या हाडाला इजा होऊ शकते, म्हणून हात सरावाचा हवा. खर्चही वाढतो. लेसरविना नीट केलेले रूट कॅनॉल वर्षानुवर्षे टिकते.

तेव्हा लेसरची वाट पाहत उपचार लांबवू नका. मधुमेहींनी तर मुळीच नको. जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा. अशा वेळी दाताचे दुखणे जिवावर बेतते.