पाच नट जुळले म्हणजे ब्रेक जुळला?

जुन्या विलीज जीपला डिस्क ब्रेक लावायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “चाकाचे पाच नट जुळतात ना, मग ब्रेकही बसणार.” सुटे भाग विकणारे हे सांगतात, काही गॅरेजवालेही सांगतात. पहिल्यांदाच जुनी जीप घेतलेला माणूस त्यावर भरवसा ठेवून हब, डिस्क आणि कॅलिपर मागवून मोकळा होतो. हे विधान साफ चूक आहे, आणि गाडी थांबवणाऱ्या भागाबद्दल असल्यामुळे धोक्याचंही आहे.

विलीजच्या चाकाचे पाच स्टड साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. हेच माप सुझुकी जिप्सीचं आहे, आणि 1996 पर्यंतच्या फोर्ड एफ-150 पिकअपचंही होतं. यावरून कळतं ते एवढंच की चाकाची भोकं स्टडवर येतात. ब्रेक मात्र स्टडवर बसत नाही. तो हबच्या मागे, नकलवर, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागावर बसतो.

पुढच्या एक्सलचं चाक, ड्रम आणि हब उतरवून एकदा नीट पाहा. सैन्याच्या विलीज एमबीच्या आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या सीजे, म्हणजे नागरी जीपच्या पुढे डाना 25 एक्सल येतो. त्याचं नकल बंद, म्हणजे चेंडूसारख्या गोल पोकळ भागावर फिरणारं असतं. नकलच्या तोंडावर सहा बोल्ट दिसतात. त्याच सहा बोल्टांनी स्पिंडल आणि ब्रेकची बॅकप्लेट दोन्ही आवळलेली असतात. कॅलिपरचं ब्रॅकेट बसायचं असेल तर ही सहा भोकं जुळायला हवीत. मग नव्या हबचं आतलं आणि बाहेरचं बेअरिंग तुमच्याच स्पिंडलच्या मापाचं हवं. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्यावर यायला हवी. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कॅलिपर टाय रॉडला लागता कामा नये आणि रिम त्याच्याभोवती मोकळी फिरायला हवी. पाच स्टडचं माप यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

“सीजेचेच भाग आहेत, म्हणजे बसतील” हा याच गैरसमजाचा भाऊ. अमेरिकेत सीजेला पुढे डिस्क ब्रेक 1977 मध्ये मिळाले. त्याआधी, 1972 मध्येच, पुढचा एक्सल बदलून उघड्या नकलचा डाना 30 आला होता. डिस्कचे ते भाग त्या एक्सलसाठी घडवलेले आहेत. गाडीचं नाव एकच असलं तरी त्याखालचा एक्सल दुसरा आहे.

समजा, सगळं बसलं. तरी काम अर्धंच झालं, कारण तेलाचा हिशेब राहिला. विलीजचा मूळ मास्टर सिलिंडर एक इंची आणि एकाच सर्किटचा. पुढचे व्हील सिलिंडर एक इंची, मागचे पाऊण इंची. ही मापं पाहायची असतील तर अमेरिकी सैन्याचं 1944 चं टीएम 9-803 हे मॅन्युअल काढावं. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीएम कॅलिपरचा पिस्टन जवळपास तीन इंची असतो. मास्टर सिलिंडर न बदलता तो जोडला की पेडल खोल जातं, आणि मग “एअर राहिली असेल” म्हणत लोक ब्रेक ऑइलच्या बाटल्या संपवतात.

मूळ मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्हही असतो. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये तो थोडा दाब, साधारण 10 पीएसआय, राखून ठेवतो. तेवढा दाब डिस्कवर राहिला तर पॅड घासत राहतात आणि तापतात. व्हॉल्व्ह काढूनच टाकला तर दुसरी अडचण येते: विलीजचा मास्टर सिलिंडर पायाखाली, चेसिसवर आहे. तेल कॅलिपरमधून मागे उतरतं आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. म्हणून डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. किट विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता मागचा एक्सल ओळखण्याबद्दल. “हाउसिंगवर 44 लिहिलंय, म्हणजे डाना 44, विषय संपला” असं म्हणतात. विषय तिथे फक्त सुरू होतो. तो ओतीव आकडा घराणं सांगतो. शाफ्टचे स्प्लाइन 10 आहेत, 19 की 30, हे तो सांगत नाही. शाफ्टचं टोक निमुळतं आहे की फ्लँजचं, हेही नाही. ब्रेकच्या दृष्टीने हा शेवटचा फरक सर्वांत महत्त्वाचा, आणि तो चाकाकडे पाहूनच कळतो. मागच्या हबच्या मधोमध स्प्लिट पिन घातलेला एक मोठा नट असेल, तर शाफ्ट निमुळता. त्याचा हब पुलरशिवाय निघत नाही. हातोड्याने ठोकून काढायला जाऊ नका. मधोमध नट नसून बोल्टांनी आवळलेली टोपीसारखी फ्लँज बाहेर आलेली असेल, तर तो फुल-फ्लोटिंग. युद्धकाळातल्या एमबीचा मागचा एक्सल असा असतो. त्यात चाकाचं वजन शाफ्टवर नसतं, म्हणून चाक न काढता शाफ्ट ओढून काढता येतो. दोन्हींची ब्रेकची जुळणी वेगळी.

आपल्याकडे एक्सल असा पाहून ओळखण्याची गरज जास्त आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तोच साचा कितीतरी वर्षं चालला. सैन्याच्या लिलावातून आलेल्या जीपही त्यात मिसळल्या. एकाच गाडीच्या पुढे एका काळातला आणि मागे दुसऱ्या काळातला एक्सल, हे सर्रास सापडतं. आरसी बुकातलं वर्ष बघून ब्रेकचे भाग मागवणं म्हणूनच व्यर्थ.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात. “एक्सलचा रेशो सगळ्यांचा एकच असतो”: एमबीचा 4.88, सीजेचा बहुतेक वेळा 5.38, पुढचा-मागचा वेगळा असताना कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर टाकला की ट्रान्सफर केस आणि शाफ्ट पिळवटतात. “डाव्या बाजूचे नट जाम झालेत”: जाम नाहीत, जुन्या विलीजला डावीकडे उलटे आटे असतात. “सिलिकॉन ब्रेक ऑइल वरून टॉप-अप केलं तरी चालतं”: नाही, डॉट 5 हे डॉट 3 किंवा 4 मध्ये कधीही मिसळू नये.

डिस्क लावूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण साठ अश्वशक्तीच्या आणि साधारण 1100 किलोच्या जीपला आधी दोन गोष्टी द्या. पहिली, दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर. एका सर्किटच्या गाडीत एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेने प्रवासी मोटारींना 1968 पासून दुहेरी सर्किट सक्तीचं केलं ते याचसाठी. दुसरी, मूळच्या 9 इंची ड्रमऐवजी विलीज पिकअप ट्रकचे 11 इंची ड्रम. ते याच घराण्यातले आहेत आणि त्यांची बॅकप्लेट पुढे त्याच सहा बोल्टांवर बसते. व्हील सिलिंडर 1 इंचावरून सव्वा नव्हे, नुसता 1⅛ इंची केला तरी पिस्टनचं क्षेत्रफळ 27 टक्क्यांनी वाढतं, तेव्हा मास्टर सिलिंडर निवडताना ते लक्षात असू द्या. तरीही डिस्कच हवी असेल, तर पैसे देण्याआधी ड्रम उतरवा, स्पिंडल आणि बेअरिंगची मापं व्हर्निअरने घेऊन कागदावर लिहा, हाउसिंगचा आणि नकलचा फोटो काढा, आणि तो कागद व फोटो दुकानदारापुढे ठेवून विचारा.