पुरावा हवा की शुद्ध हवा? डॉक्टर सरकारकडे नेमकं काय मागतायत

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

विषय आहे हवेचा. पण मास्क कुठला चांगला, एअर प्युरिफायर कितीला मिळतो, यावर आज बोलायचं नाहीये. आज बोलू या डॉक्टरांच्या एका भांडणाबद्दल. 'धुरात जाऊ नका' असं डॉक्टर पेशंटला सांगतात, हे आपल्याला सवयीचं आहे. पण गेली काही वर्षं डॉक्टरांच्या संघटना तीच तक्रार घेऊन थेट सरकारच्या दारात उभ्या आहेत. त्या काय म्हणतात, सरकार काय उत्तर देतं आणि त्या उत्तरात कितपत दम आहे, ते बघू.

सुरुवात २०१७ च्या नोव्हेंबरपासून करू या. दिल्लीत धुरकं इतकं दाटलं होतं की समोरची इमारत दिसेना. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे डॉक्टरांच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या संघटनेने, 'सार्वजनिक आरोग्य आणीबाणी' जाहीर केली. शाळा बंद ठेवा आणि याच महिन्यात होणारी हाफ मॅरेथॉन घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण साधं आहे. धावताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. शाळा काही दिवस बंद राहिल्या. मॅरेथॉन मात्र १९ नोव्हेंबरला झालीच.

पुढच्याच वर्षी दिल्लीत सर गंगाराम हॉस्पिटलच्या आवारात डॉक्टरांनी फुप्फुसांची एक मोठी प्रतिकृती उभी केली. पांढरं फिल्टरचं कापड आणि मागे हवा खेचणारे पंखे. बस्स. काही दिवसांत ती फुप्फुसं काळी पडली. २०२१ मध्ये मुंबईत वांद्र्यालाही असाच प्रयोग झाला, आणि समुद्राचा वारा असलेल्या शहरातही ती काळीच झाली.

हे फक्त आपल्याकडे चाललंय असंही नाही. मार्च २०२५ मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात जागतिक आरोग्य संघटनेची हवा आणि आरोग्य या विषयावर परिषद झाली. त्याआधी जगभरातले आरोग्य कर्मचारी, रुग्ण आणि त्यांच्या संघटना मिळून ४ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांनी एका आवाहनाला पाठिंबा दिला होता. आवाहन सरकारांना होतं: हवा स्वच्छ करा, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

मग सरकार काय म्हणतं?

आपल्या संसदेत हा प्रश्न अनेकदा आलाय. हवेमुळे किती लोक मरतात? उत्तर साधारण ठरलेलं असतं: प्रदूषण हे श्वसनाच्या आजारांचं एक कारण आहे, पण केवळ प्रदूषणामुळेच मृत्यू झाला, असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी नाही.

आता गंमत बघा. हे वाक्य शब्दशः चूक नाहीये, आणि इथेच आपण फसतो.

समजा, साठीतल्या एका काकांना हार्ट अटॅक आला. त्यांना डायबेटीस होता, बीपी होतं, आणि वीस वर्षं ते हायवेलगत दुकान चालवत होते. दाखल्यावर डॉक्टर काय लिहिणार? हार्ट अटॅक. 'हायवेची हवा' असं कोणी लिहीत नाही. मग आकडेवारीत ती हवा येणार कुठून?

पण सिगारेटचंही असंच आहे ना! अमुक माणसाचा कॅन्सर अमुक पाकिटामुळे झाला, असं जगातला कुठलाच डॉक्टर दाखवू शकत नाही. तरी आपण पाकिटावर भलंमोठं चित्र छापतो, सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी घालतो. कशाच्या जोरावर? लाखो लोकांची तुलना करून. ओढणाऱ्यांमध्ये आजार किती, न ओढणाऱ्यांमध्ये किती. हवेचा अभ्यासही अगदी तसाच होतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे.

भारतापुरता आकडाही आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात देशात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले. यात घरातल्या चुलीचा धूरही धरलाय. हा अंदाज आहे, एकेक दाखला मोजून काढलेला आकडा नाही. पण धोरणं अशाच अंदाजांवर ठरतात.

एका दाखल्यावर 'हवा' लिहिली गेली

आणि दाखल्याचाच हट्ट असेल, तर तसाही एक दाखला आहे. लंडनचा.

एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दक्षिण लंडनमध्ये एका वाहत्या रस्त्याजवळ राहायची. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत पंचवीसहून जास्त वेळा ती हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. पहिल्या चौकशीत कारण आलं: श्वसनक्रिया बंद पडणे. हवेचा उल्लेखही नाही.

तिची आई रोझामंड यांनी ते सोडून दिलं नाही. दम्याचे तज्ज्ञ प्राध्यापक स्टीफन होल्गेट यांनी जवळच्या मोजणी केंद्रांचे आकडे आणि एलाच्या आजारपणाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. हवा बिघडली की तिची तब्येत बिघडायची, हे त्यातून दिसलं. पहिला निकाल रद्द झाला, पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: श्वसनक्रिया बंद पडणे, तीव्र दमा आणि हवेच्या प्रदूषणाशी आलेला संपर्क. पुढे चौकशी अधिकाऱ्याने सरकारला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा कायद्याने बांधून घ्याव्यात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा पुरावा मिळाला, कारण जवळ मोजणी केंद्रं होती, नोंदी होत्या आणि त्या जुळवून बघणारं कुणीतरी होतं. आपल्याकडे 'पुरावा नाही' म्हणताना, तो शोधला किती, हेही विचारायला हवं.

तुमच्या फोनवरचा हिरवा रंग

आता मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. हवेचे दोन वेगळे अ‍ॅप उघडा. कधी कधी एकावर हिरवा रंग दिसेल आणि दुसऱ्यावर लाल. हवा तीच. बिघाड अ‍ॅपमध्ये नाहीये, मोजपट्टी वेगळी आहे.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसावा भाग. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोल जातात, काही तर रक्तातही उतरतात. म्हणून त्रास फक्त खोकल्यापुरता राहत नाही, हृदय आणि मेंदूपर्यंत जातो. भारताची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ६० पर्यंत आपला सरकारी निर्देशांक म्हणतो 'समाधानकारक', रंग हिरवट. अमेरिकी मोजपट्टीवर तीच ६० ची हवा लाल होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे १५. वर्षभराच्या सरासरीत तर आपली मर्यादा ४० आणि त्यांची ५. आपले आकडे २००९ सालचे आहेत.

मग मागणं काय आहे?

पहिलं, मर्यादा बदला, आणि फक्त कागदावर नको. एकदम ५ वर कोणी या म्हणत नाही. टप्पे ठरवा आणि तारखा द्या.

दुसरं, बारीक कणांकडे बघा. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, पण शहरांची प्रगती मोजली जाते ती जाड्या धुळीवर, म्हणजे पीएम १० वर. त्यामुळे पैसाही तिकडेच जातो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये दाखवलं की या कार्यक्रमाचा ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीसाठी खर्च झाला. कारखान्यांच्या धुरासाठी १ टक्काही नाही. रस्त्यावर पाणी मारलं की फोटो छान येतो. धुराड्यातून येणारा बारीक कण त्याने थांबत नाही.

तिसरं, आपलेच नियम पाळा. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरासाठी २०१५ मध्ये कडक नियम झाले, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर सुमारे ७८ टक्के संचांना गंधकाचा धूर धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

आग्रह धरला की काही होतं का? होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हवेची स्वतःहून दखल घेतली. महानगरपालिकेने बांधकामांना नियम घातले: भोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं गेलं. आता त्या बेकरीवाल्याला खर्चाला मदत कोण करणार, हाही रास्त प्रश्न आहे. हवा सुधारण्याचा भार सगळ्यात लहान माणसावर पडू नये.

आणि म्हणूनच डॉक्टर सरकारकडे जातात. पाण्याचं कसं, नाही आवडलं तर उकळून प्यायचं, बाटली विकत घ्यायची. हवेचं तसं होत नाही. प्युरिफायर एक बंद खोली साफ करतो. तुमची ऑर्डर घेऊन येणारा मुलगा, सिग्नलवरचा ट्रॅफिक हवालदार, रस्ता झाडणाऱ्या ताई, यांना 'आज घरीच थांबा' हा सल्ला काय कामाचा?

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक भेटले की दोनच प्रश्न विचारा. आपल्या भागात हवा मोजणारं केंद्र कुठे आहे? आणि हवेच्या निधीतून आपल्याकडे नेमकं काय झालं? मिळालेली उत्तरं आम्हालाही कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

भेटू लवकरच. काळजी घ्या!