शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या उपचारांतून उद्भवणारा शिरादाह आणि परिचर्या

प्रस्तावना

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या हातात प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजेच कॅन्युला, बसविणे ही आज इतकी नित्याची बाब झाली आहे की तिच्याकडे स्वतंत्र उपचार म्हणून फारसे पाहिले जात नाही. रुग्ण व नातेवाईक तिला 'सलाईनची सुई' म्हणतात. शरीराच्या दृष्टीने मात्र ती एक परकी वस्तूच असते. तिच्यामुळे अथवा तिच्यातून जाणाऱ्या औषधामुळे शिरेच्या आतील नाजूक अस्तराला इजा पोहोचली की तेथे दाह सुरू होतो. यालाच शिरादाह आणि रुग्णालयीन बोलीत 'फ्लेबायटिस' म्हणतात. बहुतेक वेळा तो काही दिवसांत निवळतो व म्हणूनच दुर्लक्षिला जातो. परंतु त्याच वाटेने शिरेत गुठळी होणे, पू धरणे आणि क्वचित जंतू रक्तात शिरणे हे पुढचे टप्पे गाठले जातात. प्रस्तुत लेखात या विकाराची कारणे थोडक्यात सांगून, त्याच्या परिचर्येत निरीक्षणाला असलेल्या स्थानाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

कारणे

शिरादाहाचे यांत्रिक, रासायनिक व जंतुजन्य असे तीन प्रकार मानले जातात. शिरेच्या मानाने नळी जाड असेल, ती मनगट किंवा कोपराच्या सांध्यावर बसविली असेल, अथवा नीट न चिकटविल्याने आत हलत असेल, तर घर्षणाने अस्तर सोलवटते. म्हणून उपचारास पुरेल एवढीच बारीक नळी निवडून ती शक्यतो सांध्यापासून दूर, पुढच्या हातावर बसवावी. प्रौढ रुग्णाला साध्या द्रवांसाठी गुलाबी (२० क्रमांक) किंवा निळी (२२ क्रमांक) नळी सहसा पुरते.

रासायनिक कारण समजण्यास रक्ताशी तुलना करणे सोयीचे ठरते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. अपस्मारावरील फेनिटॉइनच्या इंजेक्शनचा सामू सुमारे १२, तर व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा ४ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. द्रावणाच्या तीव्रतेचेही तसेच आहे. साध्या सलाईनची तीव्रता लिटरला ३०८ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्ताच्या जवळपास असते. २५ टक्के डेक्स्ट्रोजची ती १,२०० च्या वर जाते. हाताच्या शिरेसाठी ९०० ही सर्वसाधारण वरची मर्यादा धरली जाते. पोटॅशियम क्लोराइड किंवा अमिओडॅरोनसारखे औषध पुरेसे पातळ न करता घाईने सोडल्यास रुग्ण 'हात जळतोय' असे सांगतो, तेव्हा तो अतिशयोक्ती करीत नसतो.

जंतुजन्य प्रकार अस्वच्छ हात, न वाळलेले जंतुनाशक आणि नळीचे तोंड न पुसता दिलेली इंजेक्शने यांतून उद्भवतो. अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन लावल्यावर ते आपोआप वाळू द्यावे लागते. त्यावर फुंकर मारण्याची सवय मोडणे वर्गात सोपे, कक्षात कठीण असते.

निरीक्षण : तारखेकडून त्वचेकडे

अनेक वर्षे ७२ ते ९६ तास झाले की कॅन्युला बदलावी, असा सरसकट नियम पाळला जात होता. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ३,२८३ रुग्णांची तुलना करण्यात आली. ठरावीक मुदतीने नळी बदललेल्या आणि केवळ लक्षणे दिसल्यावर बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरादाहाचे प्रमाण सारखेच, म्हणजे ७ टक्के आढळले. वारंवार टोचण्याने रुग्णाचा त्रास व रुग्णालयाचा खर्च तेवढा वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात मुदतीचा नियम सोडल्यानंतर रक्तातील जंतुसंसर्ग वाढल्याचे २०२१ मध्ये नोंदविले गेले. या दोन अनुभवांत वरवर विरोध दिसतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते त्यांचा मेळ असा बसतो : तारीख काढून घेतली की तिची जागा परिचारिकेच्या नजरेने भरून काढावी लागते. ती भरली गेली नाही, तर जुना नियमच बरा म्हणण्याची वेळ येते.

ही नजर नियमबद्ध करण्यासाठी १९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू जॅक्सन यांनी मांडलेली ० ते ५ गुणांची श्रेणी सर्वत्र शिकविली जाते. नळीच्या तोंडाशी किंचित वेदना किंवा किंचित लाली असल्यास १ गुण देऊन लक्ष ठेवावे. वेदना, लाली व सूज यांपैकी दोन लक्षणे असल्यास २ गुण होतात, आणि येथेच नळी काढणे आवश्यक ठरते. शीर दोरीसारखी हाताला लागू लागली की श्रेणी ४ वर गेलेली असते. त्यात तापाची भर पडली की ५ होते.

या श्रेणीत एक अडचण आहे, ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. तिचा मोठा आधार लालीवर आहे, आणि गोऱ्या त्वचेवर सहज उमटणारी लाली आपल्याकडील सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पुष्कळदा दिसतच नाही. त्वचा थोडी अधिक गडद किंवा जांभळट वाटते, एवढेच. त्यामुळे बोटांच्या स्पर्शाला अधिक महत्त्व द्यावे लागते. नळीच्या वरच्या भागात त्वचा गरम लागते का, कडकपणा आहे का, हलके दाबल्यावर रुग्ण हात मागे घेतो का, हे दुसऱ्या हाताशी ताडून पाहावे. दुसरा अडथळा आपणच निर्माण करतो. नळीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे थरावर थर चढवून तोंडच झाकले जाते. पारदर्शक पट्टी महाग पडते हे मान्य. पण साधी पट्टी वापरतानाही नळीच्या पंखांवरच चिकटवून तोंडावर निर्जंतुक गॉजचा लहान तुकडा ठेवता येतो व तो उचलून पाहता येतो.

बालके, बेशुद्ध रुग्ण आणि मधुमेहामुळे संवेदना मंदावलेले रुग्ण तक्रार करीत नाहीत. त्यांची नळी प्रत्येक पाळीत निदान एकदा, आणि दाहक औषध चालू असताना त्याहून पुष्कळ अधिक वेळा पाहावयास हवी. रात्रपाळीत एकाच परिचारिकेवर मोठ्या कक्षाची जबाबदारी असताना हे अवघड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच नातेवाइकांना 'सलाईन संपली की सांगा' एवढेच न सांगता 'हात दुखला, सुजला तर लगेच सांगा' हेही सांगावे.

उपचारात्मक परिचर्या

शिरादाह ओळखल्यावर द्रव तत्काळ थांबवून नळी काढणे हा पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय. 'शीर मिळत नाही, एवढी बाटली संपू द्या' हा मोह टाळावा. नवी नळी शक्यतो दुसऱ्या हातात बसवावी. हात उशीवर उंच ठेवावा व कोमट शेक दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी १५ ते २० मिनिटे द्यावा. मधुमेही रुग्णास शेकाने भाजण्याचा धोका असल्याने उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर तपासावी. औषध शिरेबाहेर ऊतींत गेले असल्यास, म्हणजे कक्षातील भाषेत सलाईन 'आउट' झाली असल्यास, शेक गरम की थंड हे औषधावर अवलंबून असते. तेथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. दुखरी शीर चोळणे सर्वथा वर्ज्य आहे, कारण त्यामुळे गुठळी सुटू शकते. नातेवाईक प्रेमाने नेमके तेच करतात.

मॅग्नेशियम सल्फेटच्या घड्या व हेपॅरिनयुक्त मलम आपल्याकडे सर्रास वापरले जाते. परिचर्येच्या पदव्युत्तर प्रबंधांचाही हा आवडता विषय आहे. त्यांनी सूज व वेदना कमी झाल्याचे अनेक लहान अभ्यास आहेत. परंतु दाह आपोआपही ओसरत असल्याने श्रेय कोणाला द्यावे हे ठरविणे कठीण जाते. ते वापरण्यास हरकत नाही, फक्त नळी जागेवर ठेवून वरून घड्या ठेवू नयेत. पू, थंडी-ताप किंवा वर सरकणारी सूज दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवून रक्ताची जंतुतपासणी करून घ्यावी.

नळी बसविल्याची तारीख व वेळ, तिचा क्रमांक, प्रत्येक पाळीतील गुण आणि काढण्याचे कारण यांची नोंद ठेवावी. नळी काढल्यानंतरही दोन दिवसांपर्यंत शिरादाह डोके वर काढू शकतो. रुग्ण तोवर घरी पोहोचलेला असतो. म्हणून सुट्टीच्या कागदांसोबत त्याला हाताची ती जागा दाखवून, तेथे ठणका, कडकपणा किंवा सूज आल्यास परत येण्यास सांगावे.