सोबत्यांच्या आधाराने

महाराष्ट्रातील खेड्यांत एखाद्याची दारू सुटली, हे सांगताना लोक पुष्कळदा एवढेच म्हणतात, "त्याने माळ घातली." तुळशीची माळ गळ्यात आली की मद्य आणि मांस वर्ज्य, हा वारकऱ्यांचा नेम आहे. माळेच्या मागोमाग दिंडी, भजन, एकादशी अशी सोबतही आपोआप येते. ह्या माळेने अनेक घरे सावरली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु ज्याची देवावर श्रद्धा नाही, किंवा आहे पण ती ह्या कामी आणणे ज्याला रुचत नाही, त्याने काय करावे? मुलाच्या मस्तकावर हात ठेवून घेतलेली शपथ तो चार दिवसांत मोडतो आणि मोडलेल्या शपथेची लाज बुडविण्यासाठी पुन्हा गुत्त्याचीच वाट धरतो. अशा माणसासाठी अमेरिकेत एक निराळी वाट हळूहळू रुळत गेली. तिची ओळख आपल्या वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

ह्या वाटेचा आरंभ मोठा मौजेचा आहे. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातील एका दारूच्या दुकानात सहा नित्याचे पिणारे बसले होते. शिंपी, सुतार, लोहार अशी ती कष्टाने पोट भरणारी माणसे. त्यांच्यांतील काही जण मद्यनिषेधाचे व्याख्यान ऐकायला म्हणून गेले, परत येऊन वाद घातला आणि सहाही जणांनी यापुढे न पिण्याची प्रतिज्ञा लिहून काढली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने त्यांनी मंडळ स्थापिले. मंडळात उपदेशकाला स्थान नव्हते. प्रत्येकाने उठून आपली स्वतःची कहाणी सांगावी, एवढीच रीत होती. पिणाऱ्याला पिणाराच समजावू लागला, तेव्हा हजारो लोक त्यांच्यात सामील झाले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनी २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे ह्या मंडळापुढे भाषण केले. पिणाऱ्याला शिव्याशाप देऊन काही साधत नाही, त्याला मित्र मानूनच त्याचे मन वळविता येते, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या घरांतून आजही नेमके उलटे चालते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. मंडळात धर्माला स्थान नाही म्हणून काही धर्मोपदेशक रुष्ट झाले. पुढे राजकारणाची ओढाताण आणि घडीचा अभाव यांमुळे थोड्याच वर्षांत ही चळवळ विस्कटली.

तीच कल्पना १९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी पुन्हा जन्मास आली. एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर ह्या दोघा मद्यपींच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संस्था उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांची पहिली मांडणी १९३९ च्या ग्रंथात आहे. मद्यापुढे आपण हतबल आहोत हे कबूल करावे आणि एका उच्चतर शक्तीच्या स्वाधीन व्हावे, हा त्यांचा गाभा. ग्रंथ लिहिला जात असतानाच काही संशयवादी सभासदांनी हरकत घेतली, आणि देव म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा, अशी पुस्ती त्यात घालण्यात आली. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. मनाचा हा मोठेपणा खरा. तरी प्रार्थनेने संपणाऱ्या सभेत नास्तिकाची कुचंबणा होई. १९७५ साली शिकागोत नास्तिक आणि अज्ञेयवाद्यांची वेगळी सभा भरू लागली. पुढे टोरांटोत तर पायऱ्यांतून देवाचे नाव वगळणाऱ्या दोन गटांना २०११ मध्ये स्थानिक यादीतून काढून टाकण्यात आले. प्रकरण मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये त्यांना यादीत पुन्हा जागा मिळाली. सभा कोठे भरते हे पिणाऱ्याला यादीवरूनच कळते. यादीतून नाव गेले म्हणजे त्याच्यापुरते दार लागले.

दरम्यान काहींनी स्वतंत्र चूल मांडली होती. समाजशास्त्राच्या विदुषी जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली स्त्रियांसाठी निराळी संस्था काढली. पिणाऱ्या बाईचा आत्मसन्मान आधीच मातीस मिळालेला असतो. तिला पुन्हा हतबलतेचा पाठ कशाला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला बिनतोड वाटतो. जेम्स ख्रिस्टोफर यांनी १९८५ साली श्रद्धेवाचून शुद्धीवर राहण्याविषयी लेख लिहिला आणि त्यातून निधर्मी गटांचे जाळे निर्माण झाले. १९९४ साली 'स्मार्ट रिकव्हरी' हे नाव पुढे आले. आज ते अनेक देशांत पोहोचले आहे.

ह्या सभेत बसल्यावर कोणी स्वतःला मद्यपी म्हणवून घेण्याची सक्ती करीत नाही. सभा चालविणारा त्यासाठी शिकून तयार झालेला असतो. परंतु बोलायचे असते ते सभासदांनी एकमेकांशीच. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीचा येथे उपयोग करतात. साहेब रागावले, ही झाली घटना. "हा अपमान मला सहनच होणार नाही," ही तिच्याविषयीची आपली समजूत. आणि संध्याकाळचा पेला हा परिणाम. घटना आपल्या हातची नाही. समजूत मात्र तपासून पाहता येते. पिण्याची तल्लफही लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी झुंजत बसण्यापेक्षा ती ओसरेपर्यंत थांबावे, हे नवख्याला जुना सभासद स्वानुभवाने सांगतो.

मला सर्वांत भावला तो एक साधा कागद. त्यावर चार चौकटी आखतात: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे आणि न पिण्याचे तोटे. पहिली चौकट पाहून घरची मंडळी दचकतील. पण झोप लागते, भीड चेपते, मित्र मिळतात, हे लाभ खरेच मिळत असतात. ते नाकारले की पिणारा मनातून आपले ऐकणे बंद करतो. चौथी चौकट त्याहून अवघड. दारू सुटल्यावर संध्याकाळ रिकामी होते, जुनी संगत तुटते, दडपलेली दुःखे वर येतात. ही उणीव कशाने भरायची, यावर सभेत खरी चर्चा होते.

गुण येतो का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत बारा पायऱ्यांचा मार्ग इतर उपचारांच्या तोडीचा, आणि संपूर्ण वर्ज्यतेच्या बाबतीत सरस ठरला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निधर्मी गटांवरचा अभ्यास त्या मानाने थोडा आहे. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ह्या गटांची बारा पायऱ्यांच्या गटांशी तुलना केली होती. गट कोणताही असो, त्यात मनापासून गुंतलेल्या माणसाला सारखाच लाभ झाला. दारू पुरती सोडायची, असा निश्चय मात्र ज्याचा कच्चा, त्याची प्रगतीही तेवढीच कच्ची राहिली.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर हात कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावरही बेतू शकते. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जावेत, सभा त्यानंतरची.

आपल्या देशात केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्याच्या व्यसनासाठी मदतीची गरज होती. पुण्यास डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या मुक्तांगणात कधीकाळी स्वतः उपचार घेतलेले लोक पुढे समुपदेशक झाले. बाल्टिमोरच्या त्या सहा जणांना हे पाहून नवल वाटले नसते. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठीही तेथे 'सहचरी' नावाचा गट आहे. शेजारी कळेल म्हणून दार लोटून रडणारी बाई तेथे आपल्यासारख्याच दुसरीपाशी बोलू शकते. आपल्या गावी काय सोय आहे ते ठाऊक नसेल, तर १४४४६ ह्या राष्ट्रीय क्रमांकावर विचारणा करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि पिणाऱ्याच्या घरचे माणूसही तेथे फोन करू शकते.