काल चाललं ते आज चालेलच असं नाही
साबण, कुंकू आणि क्रीम करणाऱ्या बचत गटांसाठी



शेतकी खात्याच्या पानावर साबण आणि कुंकवाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण आपल्या कार्यक्षेत्रातले महिलांचे बचत गट आता पापड-लोणच्यावर थांबलेले नाहीत. केसाचं तेल, साबण, कुंकू, चेहऱ्याचं क्रीम असा माल करून विकावा, असा विचार बऱ्याच घरांत चालू आहे. ऊसनोंदीला गट ऑफिसात आलेले सभासद त्याबद्दल आम्हालाच विचारतात. म्हणून हे चार शब्द.

सुरुवात उसापासूनच करू. हुमणी लागली की बीएचसी पावडर टाकायची, हे एके काळी घरोघरी ठाऊक होतं. 1997 साली बीएचसीवर बंदी आली. एन्डोसल्फान 2011 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. थायमेट म्हणून आपण ओळखतो ते फोरेट 2020 सालच्या अखेरीस बंद झालं. औषध होतं तेच राहिलं, पण त्याच्या अपायाची माहिती वाढली आणि कायदा बदलला. अंगाला लावायच्या मालाचंही नेमकं असंच आहे. आज जो घटक चालतो तो पुढेही चालेलच, असं धरून चालता येत नाही.

आपल्या देशात या मालाला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे. पूर्वी त्याचे नियम औषधांच्या 1945 च्या नियमांतच होते. डिसेंबर 2020 मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम निघाले. विक्रीसाठी माल करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना पाहिजे, योग्य जागा पाहिजे आणि जाणकार तांत्रिक माणसाची देखरेख पाहिजे. घरात केला, थोडाच केला, म्हणून सूट मिळेल असं समजू नये. आयुर्वेदिक म्हणून विकायचा असेल तर त्याचा परवाना वेगळा.

आता घटकांचं बघू. कुंकवाची जुनी रीत म्हणजे हळद, चुना आणि तुरटी. त्यात काही वावगं नाही. वांधा होतो तो बाजारातून आणलेल्या स्वस्त रंगाने. शेंदराचा लाल रंग तर परंपरेने शिशाच्या ऑक्साइडचाच. शिसं अंगात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतं. आईच्या कपाळावरचं बोट मुलाच्या तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून नियमांनी रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत 20 भाग आणि आर्सेनिकला 2 भाग अशी मर्यादा घातली आहे. कोणते रंग वापरावेत याची यादी भारतीय मानक संस्थेने केलेली आहे. कापड रंगवायचा किंवा रांगोळीचा रंग त्यात बसत नाही.

दुसरा शत्रू पारा. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार घातलेले सापडतात. त्याने कातडी काही दिवस उजळ दिसते खरी, पण पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. 2020 च्या नियमांत पाऱ्याची संयुगं घालायला मनाई केली. नकळत आलेल्या पाऱ्यालाही सर्वसाधारण मालात दहा लाखांत 1 भाग एवढीच मुभा ठेवली. म्हणजे हजार टन उसात एक किलो! हे डोळ्यांनी दिसत नाही, वासाने कळत नाही. प्रयोगशाळेतच कळतं.

आणि ही रेघही एका जागी राहत नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा करारात आधी याच एक भागाच्या वरची प्रसाधनं 2020 पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. 2023 साली सभासद देशांनी ती मर्यादाच काढून टाकली आणि पारा घातलेली सगळीच प्रसाधनं 2025 पर्यंत बंद करायचं ठरवलं. परदेशी माल पाठवायचा असेल तर आणखी जपावं लागतं. कोंड्याच्या शाम्पूत चालणारं झिंक पायरिथिऑन युरोपात मार्च 2022 पासून बंद आहे.

मग गटांनी करायचं काय? आमच्या मते एवढं तरी कराच.

1. प्रत्येक मालाची कृती लिहून ठेवा. कोणता घटक, किती, कोणाकडून घेतला, सगळं वहीत पाहिजे.

2. रंग, सुवास किंवा टिकाऊपणाचं द्रव्य घेताना पक्की पावती आणि त्या लॉटचा तपासणी दाखला मागा. दाखला देत नाही तो व्यापारी स्वस्त असला तरी महागच पडतो.

3. व्यापारी बदलला तर जुना दाखला नव्या मालाला लावू नका.

4. प्रत्येक घाणीला नंबर द्या, आणि त्यातला एक नमुना सीलबंद करून ठेवा. तक्रार आली तर नेमका तेवढाच माल परत घेता येईल.

5. लेबलावर घटक, घाणीचा नंबर, तारखा, परवाना क्रमांक आणि पत्ता खरा छापा.

6. वर्षातून दोनदा, लागण नोंदताना आणि गाळप संपल्यावर, नियमांत काय बदललं हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून कृतीशी ताडून पाहा. एखादा घटक बाद झाला असेल तर 'उरलेला माल संपवून टाकू' हा विचार करू नका.

या सगळ्याला खर्च आहे, कटकट आहे, हे आम्ही जाणतो. पण बीएचसीचं पोतं घरात शिल्लक राहिलं तर नुकसान आपल्या खिशाचं होतं. वाईट रंगाची डबी विकली गेली तर ती दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या लेकराजवळ जाते. शिवाय आपल्या गावातली बाई ती डबी कंपनीचं नाव बघून घेत नाही, करणारणीच्या ओळखीवर घेते. तो विश्वास एकदा गेला की परवाना हातात असूनही धंदा उभा राहत नाही.

तेव्हा भगिनींनी धंदा जरूर करावा, पण वही आधी आणि कढई नंतर.

कळावे.

ऊस विकास विभाग