जुन्या वाड्यातली पंगत

जुनी वास्तू सावरून तिथे घरगुती जेवणाची सोय करणे हा वारसा जपण्याचा खात्रीचा मार्ग आहे. कुलूप लावलेल्या वाड्यापेक्षा राबता वाडा जास्त टिकतो. कौल सरकले, भिंतीला ओल धरली, वाळवी लागली, तर ते घरात वावरणाऱ्याला लगेच दिसते.

गोव्यातील केपे येथील ‘पालासियु दो देआंव’ हे त्याचे देखणे उदाहरण. केपे गाव वसवणारे पोर्तुगीज धर्मगुरू जुझे पावलू यांनी 1787 मध्ये कुशावतीच्या काठी हा वाडा बांधला. पुढे तिथे निराधार स्त्रियांना आसरा मिळाला. नंतर वास्तू खचत गेली. या शतकाच्या सुरुवातीला एका गोमंतकीय दाम्पत्याने ती मोठ्या कष्टाने उभी केली आणि तिथेच संसार थाटला. पाहुण्यांनी आधी कळवले की मागच्या व्हरांड्यात, बागेसमोर, गोमंतकीय-पोर्तुगीज वळणाचे घरचे जेवण वाढले जाई. पुण्याजवळच्या जाधवगडाची वाट निराळी. पिलाजी जाधवरावांच्या 1710 च्या या गढीचे मोठे हॉटेल झाले.

अशा कामात खरी कसोटी चुन्याची आणि चुलीची. माती-चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. म्हणून दुरुस्तीलाही भिजवून मुरवलेला चुनाच हवा. रोजच्या पंगतींच्या स्वयंपाकाची वाफ आणि तेलकट धूर सागवानी छताला सोसत नाही. भटारखाना आणि मोरी परसात वेगळी बांधावी. जुन्या ओसरीवर फक्त पाने मांडावीत.

वाशिम जिल्ह्यात यासाठी कारंजा लाडइतके योग्य गाव नाही. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशींचे हे जुने व्यापारी गाव. इथल्या एका धनिकाने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवली, अशी आख्यायिका आहे. अशा वाड्यांचे मोकळे अंगण वऱ्हाडी जेवणाला फार सोयीचे, कारण रोडगे बंद स्वयंपाकघरात होत नाहीत. कणकेचे थर देऊन वळलेला गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचा, राख झटकून फोडायचा, त्यावर तूप ओतायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीसोबत गरम वाढायचा.

नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्यात भाविकांची ये-जा कायम असते, त्यामुळे जेवणाऱ्यांची वाण पडणार नाही. वाड्यांचे मालक आणि नगरपरिषद यांनी एकत्र बसून निदान एका हवेलीपासून सुरुवात करावी.